मोज्यातला मसाला

९ जानेवारी, शुक्रवार. धुळे

बॅगा भरून झाल्या. उद्या दुपारी जळगावहून निघालेली टूरची बस आम्हाला देवपूरच्या चौकात घेईल, मुक्काम मुंबई, आणि परवा सकाळी दुबईचं विमान. बासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा विमानात बसणार. शाळेत तीस वर्षं पोरांकडून 'माझा विमानप्रवास' लिहून घेतला आणि स्वतः एसटीच्या पुढे गेले नाही. ती एसटीही घरचीच म्हणायची, हे धुळे आगारात ड्रायव्हर होते.

यांना विचारलं, दुबईत काय बघायचंय? म्हणाले, "तू जे देखशी ते." संपलं! चाळीस वर्षांत या माणसाला कशाचं नवल वाटलेलं मी पाहिलं नाही. दारात हत्ती बांधला तरी त्याला वळसा घालून आत येतील आणि चहा मागतील.

गेल्या श्रावणात यांचा अल्सर फुटला. तीन बाटल्या रक्त द्यावं लागलं. डॉक्टरांनी तिखट जन्माचं बंद केलं. नरडाण्याकडचा माणूस, ठेच्याशिवाय घास उतरत नसे, तेव्हापासून मुगाची खिचडी आणि दूधभाकर खातोय. एकदासुद्धा कुरकुर नाही.

माझ्या बॅगेत पाव किलो काळा मसाला आहे. तो दिपमालासाठी. माझ्या भावाची ही मुलगी शारजाला असते आणि तिला पाचवा महिना लागलाय. फोनवर म्हणाली, "आत्या, साड्या नको, लाडू नको, तुझ्या हातचा काळा मसाला आण. शेवभाजी स्वप्नात येते गं." डोहाळे पुरवायला हात आखडू नये. कांदा-खोबरं काळंभोर भाजलं, खसखस आईच्या पद्धतीनं सढळ हातानं घातली.

टूरवाल्या हितेंद्रनं फोनवर चार पानी यादी पाठवली होती, काय आणू नये त्याची. गोळ्या-औषधांपुरतं वाचलं. बाकीचं चोराचिलटांसाठी असतं.

११ जानेवारी, रविवार. दुबई

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

आधी चांगलं लिहिते. विमानात भीती वाटली नाही. दुबई वरून वाळूत ठेवलेल्या काचेच्या भांड्यांसारखी दिसली. विमानतळ एवढा चकचकीत, की फरशीवर पाय ठेवताना चपला काढाव्याशा वाटल्या. कुणी बॅगा उघडल्या नाहीत. बाहेर सोळा पदरी रस्ता आणि एकही हॉर्न नाही. कुत्रं नाही, गाय नाही, कागदाचा कपटा नाही. मी यांना म्हटलं, आपल्या धुळ्याच्या महापालिकेला इथं सहलीला आणा. मग बसमध्ये हितेंद्रनं माइक घेतला. म्हणाला, "काका-काकू, यादी वाचली ना सगळ्यांनी? कुणी खसखस नाही ना आणली? इथं खसखस म्हणजे अफूच समजतात. मसाल्यात असली तरी. थेट जेल, माझ्या हातात काही राहणार नाही."

सगळे हसले. सावद्याचे केळीवाले बन्सीलालभाऊ म्हणाले, "आमच्याकडं केळीचे वेफर हायेत फक्त." पुन्हा हसले. मीही हसले. माझ्या हसण्याचा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

हे खिडकीला डोकं टेकून झोपले होते. डोळे मिटलेले, फक्त उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबलेला. ड्रायव्हरची खोड जात नाही.

हितेंद्रला सांगू का? सांगून काय होणार? तो पोरगा घाबरून आधी आपली मान सोडवेल. आणि ग्रुपमध्ये बावीस जण. 'मुख्याध्यापिका उषाबाई अफू घेऊन आल्या' हे आम्ही परतायच्या आत धुळ्याच्या आग्रा रोडवर, भर बाजारात, पोहोचलेलं असेल. यांना तर सांगायचंच नाही. यांचा जीव आधीच तोळामासा झालाय.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी हे अंघोळीआधी खाली चालायला गेले, तेवढ्यात मी दोन चमचे मसाला संडासात टाकून पाणी सोडलं. पाणी गेलं, मसाला तिथंच. तेलाचा काळा तवंग पाण्यावर फिरतोय आणि खोलीत वास असा, की जणू शेजारी पंगत बसलीय! चार वेळा पाणी सोडलं. शेवटी हाताने, कागदाने पुसून काढलं आणि ते कागद पर्समध्ये कोंबले. कचऱ्याची टोपली ती सफाईवाली बाई रोज नेते, त्यात कसे टाकणार? रस्त्यावर टाकावं तर खांबाखांबाला कॅमेरा आणि पाटीपाटीवर दंड. मेट्रोत पाणी प्यायलं तरी दंड. या गावात माणसाला लपवायला काही जागाच ठेवलेली नाही.

पिशवीला तीन गाठी मारून यांच्या लोकरीच्या मोज्यात घातली आणि मोजा यांच्या बॅगेत तळाशी ठेवला. यांच्या बॅगेत जागा जास्त आहे म्हणून.

दुपारी बुर्ज खलिफा. एकशे चोविसावा मजला, मिनिटभरात लिफ्ट वर. खाली मोटारी मुंग्यांएवढ्या. सगळे फोटो काढत होते. मी खाली बघून विचार करत होते, त्या पांढऱ्या मोटारी पोलिसांच्या असतील का. यांनी माझा हात धरला. म्हणाले, "उंचीले घाबरनी का?" म्हटलं, हो, उंचीला.

१३ जानेवारी, मंगळवार

आज बसच्या एसीनं सर्दी झाली. नाक पार बंद.

पिशवी हलकी वाटतेय. मी गाठी तीन मारल्या होत्या, आता दोन आहेत. मला नीट आठवतंय.

म्हणजे कुणीतरी उघडली. सफाईवालीच. थोडा मसाला तपासायला नेला असणार.

१४ जानेवारी, बुधवार

आज संक्रांत. नाष्ट्याच्या टेबलावर बन्सीलालभाऊंनी तिळगूळ वाटला. पांढरे बारीक दाणे दिसले आणि मला ती खसखसच वाटली. तीळ होते हो. मी वडी हातात घेऊन इकडंतिकडं पाहत राहिले. वाढपी पोरगा माझ्याकडं बघून हसला. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

पिशवी आज आणखी कमी आहे. सकाळी मोज्यात परत ठेवताना हाताच्या मापानं पाहिली, दुपारी आल्यावर पाहिली. अर्ध्याच्याही खाली आली आहे. एकदा तपासायला चिमूटभर पुरते. हे रोज का नेतात? की ते आम्ही कुठं पळतो का हे बघतायत? मी पोरांना असंच पकडायची. कॉपी दिसली तरी बोलायची नाही, पेपर पूर्ण लिहू द्यायची.

या सगळ्यात यांचं वेगळंच. कुठून तरी काळपट भुकटी मिळवलीय, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून खिशात ठेवतात आणि ऑम्लेटवर, पावावर, भातावर, चमच्या-चमच्यानं घेतात. मी विचारलं तर म्हणाले, "अरबासनी चटणी शे. तिखट नही." अरबांची चटणी मांडलेली असते खरी टेबलावर, हिरवट अशी, तीळ घातलेली. ही काळी, दुसरी जात असेल. मला वास येत नाही, चव कळत नाही. म्हटलं, तुमच्या पोटाला बघा. म्हणाले, "मी काय न्हाना पोऱ्या शे का?"

पण चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो आणि वर दोन-दोन पेले ताक पितात. हौस!

आणि एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही. बन्सीलालभाऊ म्हणाले, "जीवरामभाऊ, येकटे येकटेच काय खाता? द्या ना चमचाभर." तर यांनी डबी झटकन मुठीत घेतली. "नही, ती तुमले चालाव नही." डबीचं झाकण बन्सीलालभाऊंच्या हातात राहिलं, ते त्यांनी बापड्यांनी पुसून परत दिलं. ज्या माणसानं एसटीत आपला डबा उघडून अख्ख्या गाडीला भाकर वाटली, त्यानं चमचाभर चटणीला नाही म्हणावं? परदेशात आल्यावर माणूस असा होतो का? मी टेबलावर मान वर केली नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

दिपमाला आली होती, दुपारी, हॉटेलच्या खालच्या दालनात. पोट दिसायला लागलंय. चेहरा मात्र सुकलेला, उलट्या थांबत नाहीत म्हणे. वाकायला लागली तर मी तिला वर धरलं. पाच मिनिटं बोलली नसेल, तेवढ्यात माझ्या हातातल्या साडी-लाडवांच्या पिशवीकडं बघून म्हणाली, "आणलास ना?"

काय करू? तिच्या हातात दिला असता आणि वाटेत तिला धरलं असतं तर? त्या पोटासकट तुरुंगात?

हे म्हणाले, "पोरी, मन्हीच चूक शे. तुन्ही आत्यानी पुडी बांधी ठेयेल व्हती, मी बॅगमा टाकाले इसरनू. टेबलवरच राही गई."

यांना खरंच तसं वाटतंय! बॅगा मी भरल्या, यांनी हातसुद्धा लावला नव्हता, तरी चूक आपलीच असणार असं धरून चालतात. बरं झालं, मी गप्प राहिले. दिपमाला "असू दे काका" म्हणाली आणि हसली, आणि मग डोळे पुसायला तिनं पर्समध्ये रुमाल शोधला. एवढ्याशा मसाल्यासाठी रडली पोर. मला माहीत आहे, मसाल्यासाठी नाही रडली. तिला आई नाही. मी तिला लाडू दिले, साडी दिली. ती गेल्यावर मी बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज लाकडी होडीतून खाडी ओलांडली. पाणी हिरवं, वर पांढरे पक्षी. पलीकडं सोन्याचा बाजार, दुकानांत सोन्याचे झगेच्या झगे टांगलेले. एरवी मी तिथून हलले नसते. हे आले नाहीत. पोटात जळतंय म्हणाले, खोलीवर थांबले.

बाजारात एका वळणावर दोन पोलीस समोर आले. एकानं मला काहीतरी विचारलं. मला ऐकूच आलं नाही. तीस वर्षं ज्या इंग्रजीचा तोरा मिरवला ते इंग्रजी कुठं गेलं? त्यानं पुन्हा विचारलं, हळू. हातातली बाटली पडली होती माझ्या, ती उचलून देत होता.

आता एक गोष्ट लिहून ठेवते. दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही हा माझा नियम आहे. सोमवारी मी लिहिलं, यांच्या बॅगेत जागा जास्त आहे. ते खरं नाही. माझी बॅग अर्धी रिकामी होती. बॅगेला जी पट्टी बांधलीय तिच्यावर यांचं नाव आहे, जीवराम. ते वाचूनच मी पुडी तिथं ठेवली. पकडलं तर मला काही ठाऊक नाही म्हणता येईल, असं माझ्या मनात आलं. यांना आधी रक्त दिलेलं, यांना तुरुंगात मुगाची खिचडी कोण देणार, हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं, तरी ठेवली.

आज ती परत माझ्या बॅगेत घ्यावी म्हणून मोजा उघडला. दोन चमचे उरलाय. हे पाठ करून पलंगावर पडले होते, गुडघे पोटाशी घेऊन. "काय देखी ऱ्हायनी?" म्हणाले. मी मोजा खाली टाकला. म्हटलं, स्वेटर शोधतेय. म्हणजे अजूनही पुडी यांच्याच बॅगेत आहे.

१७ जानेवारी, शनिवार. विमानात

सकाळी मोजा पाहिला. पुडी नाही. पिशवीसुद्धा नाही. मोजा नुसता रिकामा, आणि स्वच्छ झटकलेला.

म्हणजे सगळा पुरावा गोळा झाला. आता विमानतळावर धरणार, हे मी ठरवूनच टाकलं. खोलीतून निघताना देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. बसमध्ये सगळे गाणी म्हणत होते.

बॅगा मशीनमध्ये गेल्या. यांची बॅग पट्ट्यावर थांबली. पट्टा पाव मिनिट हलला नाही. तेव्हा मी एक केलं. पुढं होऊन त्या माणसाला इंग्रजीत सांगितलं, "ही बॅग माझी आहे." त्यानं माझ्याकडं पाहिलं, पट्टीवरचं नाव पाहिलं, पट्टा सुरू केला. "गो, गो, मदर," म्हणाला.

एवढंच! पुढं शिक्का, पुढं विमान. कुणी काही विचारलं नाही. का सोडलं, कळत नाही. विमान वर उठलं तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. यांना म्हटलं, सुटलो बाई एकदाचं. यांनी विचारलंही नाही कशातून. खिडकीकडं तोंड करून बसलेत, रंग पांढराफटक, हवाईसुंदरीनं दिलेलं जेवण शिवले नाहीत. त्या अरबी चटणीनं घात केलाय. घरी गेल्यावर आठ दिवस नुसतं दूध देणार आहे.

२० जानेवारी, मंगळवार. धुळे, दवाखाना

परवा येताना मालेगाव सोडलं आणि यांना बसमध्ये उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी काळी. मी तो रंग श्रावणात पाहिलेला आहे. हितेंद्रनं बस कुठं थांबवली नाही, थेट दवाखान्याच्या दारात आणून लावली. चार बाटल्या रक्त. दुर्बीण घातली, जखम पुन्हा उघडलेली. काल दुपारपर्यंत डॉक्टर माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. तुरुंगाच्या भीतीनं मी आठवडाभर मेले होते, पण ती भीती म्हणजे काहीच नव्हे. काल त्या बाकावर बसून मला जे झालं ते मी लिहू शकत नाही.

आज सकाळी धोका टळला म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, परदेशात काय खाल्लं? मी म्हटलं, एक अरबी चटणी रोज खायचे, पण ती तिखट नव्हती. बन्सीलालभाऊ सावद्याहून भेटायला आले होते, शेजारीच उभे होते. म्हणाले, "ताई, कशाची अरबाची? त्या दिवशी झाकण माझ्या हातात व्हतं, बोटाला लागली ती चाखली ना मी. आपला काळा मसाला व्हता. अस्सल."

डॉक्टर काहीतरी बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं.

सगळे गेल्यावर मी यांच्या उशाशी बसले. विचारलं, तुम्हाला कुठं सापडली?

"मन्हा मोजामा," हे म्हणाले. "पाय गार पडनात, म्हनून मोजा काढा."

"आणि खसखशीचं?"

"बसमा आयकं. झोपेल नव्हतू."

मी म्हटलं, मग टाकून का नाही दिली? मला का नाही सांगितलं? माझा आवाज चढला होता, नर्सनं दारातून डोकावून पाहिलं.

हे म्हणाले, "फेकतू कथं? जथं-तथं कॅमेरा." मग म्हणाले, "तू आख्खी जिंदगी बठ्ठा पोऱ्यासले नियम शिकाडात. मन्हा समोर तुले मान खाले घालनी पडती. माले ते देखवतं नही. जरा जरा कमी करी, म्हंजे तुले समजाव नही, आशे वाटनं."

जरा जरा कमी होत होती म्हणून तर मी रोज मरत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. दिपमालासमोर हे खोटं बोलले ते ठरवून. बन्सीलालभाऊंना चमचा दिला नाही तो त्यांना या अफूत ओढू नये म्हणून. आणि मी या माणसाला कंजूस ठरवलं, इथंच, या वहीत. हा माणूस काही बघत नाही असं मी चाळीस वर्षं लोकांना हसून सांगत आले. मला माझीच लाज वाटते.

मग मी घाबरत घाबरत विचारलं. विचारायलाच हवं होतं. म्हटलं, पुडी तुमच्या बॅगेत पाहिल्यावर काय वाटलं तुम्हाला?

सुई टोचलेला हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "ते तू बराबर करं. तू धरायनी असती, तर माले कथं इंग्रजी येस? मी कोनले काय सांगतू? मी धरायनू असतू, तर तू बोली-चाली माले सोडाडी आनती. मी त्याच टाइमले म्हनं, बाईनी डोकं लढाडं."

आणि विचारलं, "तेन्हाकरताच ठेयी व्हती ना?"

मी हो म्हणाले.